डोकं धुतलेलं पाणी

परवा माझ्या नातीनं बाजारातून एक बाटली आणली. हिरवी, नितळ, वर शिकेकाईच्या शेंगांचं चित्र. खाली छापलेलं होतं की हे आजीच्या काळातलं गुपित आहे, केसांना सौम्य आणि टाळूला थंड. चष्मा लावून मी ते पुन्हा वाचलं आणि मला इतका संताप आला की पोरीला वाटलं, माझं काही दुखायला लागलं. गुपित कसलं? आमच्या घरात शिकेकाई म्हणजे गुन्हा होता. तो गुन्हा माझ्या आईनं केला असं आमच्या घरानं ठरवलं आणि त्याची शिक्षा तिच्या डोक्याला झाली. हे कुणी बाटलीवर छापत नाही.

आमची वाडी वसईच्या किनारपट्टीवर, राजोडीच्या बाजूला. केळी होत्या, नारळ होते, कुंपणाकडेला मोगरा आणि अबोली. पण घराची ऐट सगळी पानमळ्यावर. विड्याच्या पानांच्या वेली पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या, आत कायम सावली आणि ओल. आणि त्या वेलींचं सोवळं देवघरापेक्षा कडक. आत चप्पल चालत नसे, मोठ्यानं बोलणं चालत नसे, आणि बाई तर मुळीच चालत नसे. बाईची सावली पडली तरी वेल जळते, असं आमचे मोठे काका सांगत. मोठे काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. वडील मुंबईला एका कचेरीत कारकून होते, पहाटे जात आणि दिवेलागणीला परत येत. वाडी काकांच्या हाती, स्वयंपाकघर काकीच्या हाती, आणि या दोघांच्या मध्ये माझी आई.

आई चिंचोटीकडची, डोंगराच्या पायथ्याच्या भातशेतीच्या गावातली. तिच्या तोंडी 'पाणी' नव्हतं, 'पानी' होतं, आणि काकी तिची नक्कल पाहुण्यांसमोर करून दाखवी. आईनं माहेराहून आणण्यासारखं फार काही आणलं नव्हतं. केस मात्र आणले होते. उभी राहून सोडले की गुडघ्याच्या खाली जायचे. सुटीच्या दिवशी वडील ओट्यावर बसून ती केस वाळवताना बघत असत आणि काकी आली की वर्तमानपत्र उघडत.

दर वर्षी मामा रानातल्या शिकेकाईचं गाठोडं घेऊन येई. त्या शेंगा उन्हात खडखडीत वाळवायच्या, न्हाण्याच्या आदल्या रात्री भिजत घालायच्या, सकाळी मंद विस्तवावर उकळायच्या, मग हातानं कुस्करून फडक्यातून गाळायच्या. आंबूस वासाचं तपकिरी पाणी निघे. आधी खोबरेल तेल टाळूत मुरवायचं, मग ते पाणी. फेस थोडाच येई, पण तेल जेवढं निघायला हवं तेवढंच निघे आणि केस सुकल्यावर हातात धरले तर गार लागत. हे आई करायची, काकी करायची, शेजारच्या सगळ्या बायका करायच्या. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

न्हाणं व्हायचं रहाटापाशी. आमच्या विहिरीवर लाकडी रहाट होता, त्याला रेडा जुंपलेला. रेडा गोल फिरे, माळेतले लोटे भरून वर येत आणि पन्हळीत रिकामे होत. तिथून पाणी पाटानं वाडीत जाई. पन्हळीच्या पुढे एक मोठा दगड होता. त्यावर बसून बायका डोकी धूत आणि ते पाणीही पाटाला मिळे. पाटाचा एक फाटा केळींना, एक पानमळ्याला. काकांच्या आईच्या काळापासून हे असंच चाललेलं. तेव्हा एकही वेल मेली नाही, हे ध्यानात ठेवा.

मग इंजिन आलं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि किनाऱ्यावरच्या बागायतदारांमध्ये ऑईल इंजिनाचं वारं शिरलं होतं. काकांनी इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. रेडा विकून टाकला. रहाट तसाच वाळत उभा राहिला. रेड्याला दमायला होई, त्याला सोडावं लागे, पाणी पाजावं लागे, तेवढ्या वेळात विहिरीचे झरे भरून येत. इंजिन दमत नव्हतं. काका ते सकाळी चालू करत आणि जेवायला आले तरी ते धडधडतच असे. ती धडधड ऐकत जेवणं हा त्यांचा मोठाच आनंद होता. विहिरीत पहिल्यांदा आतली खालची पायरी उघडी पडली ती त्याच उन्हाळ्यात.

आणि सगळ्यांत आधी कुणाला कळलं असेल तर ते आईच्या केसांना. न्हाऊन आली, मागच्या दारी बसून विंचरायला लागली आणि फणी अडकली. ती मला म्हणाली, 'आज पानी कसं लागतंय गं? केस चिकट राहिले.' पुढच्या खेपेला तिनं जास्त शेंगा घातल्या, तरी तेच. तिनं ते रात्री वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी जेवताना जरा चाचरतच काकांपुढे विषय काढला, की ही म्हणते विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. काकांनी घास थांबवला. 'जिभेला लागतंय की डोक्याला?' त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, डोक्याला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकी हसली, वाढायला उभी होती ती कामाची बाईसुद्धा हसली. वडीलही थोडं हसले. ते त्यांचं थोडं हसणं मी अजून माफ केलेलं नाही.

इथे एक रीत सांगायला हवी, कारण ती माहीत नसेल तर पुढचं समजणार नाही. धाकट्या सुनेनं मोठ्या दिराशी बोलायचं नसे. समोरून जायचं झालं तर डोक्यावरचा पदर पुढे ओढून, भिंतीच्या कडेनं. काही सांगायचंच असलं तर नवऱ्याच्या मार्फत, जावेच्या मार्फत, नाहीतर दाराच्या चौकटीला उद्देशून. म्हणजे काकांनी आईबद्दल काहीही बोलावं, कितीही मोठ्यानं बोलावं, आणि आईनं चौकटीला उत्तर द्यावं. ही असली रीत ज्यानं काढली त्याला कुणी कधी खोटं पाडलं नसणार.

पावसाळा गेला, थंडी गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात पानमळा पिवळा पडू लागला. आधी पानांच्या कडा करपल्या, मग देठ सुटले, मग वेली पांगाऱ्यावरून ढिल्या होऊन लोंबू लागल्या. काका सकाळ-संध्याकाळ आत जाऊन उभे राहत. त्यांना झोप लागेना, हे मला आज समजतं. त्या वेलींवर त्यांचा जीव होता, तो खरा होता, हे मी नाकारत नाही. पण जीव होता म्हणून कुणाचाही बळी द्यायचा परवाना मिळत नाही.

एका सकाळी ते पाटाच्या कडेनं चालत वर आले. इंजिनाच्या नळाखाली, त्याच दगडावर आई नुकतीच न्हाऊन उठली होती. पाटात शिकेकाईचा तपकिरी फेस तरंगत पानमळ्याकडे चालला होता. काका तो फेस बघत उभे राहिले. संध्याकाळी ओट्यावर भाऊबंद जमवले आणि निवाडा सांगितला. शिकेकाईचं पाणी डोळ्यांत गेलं तर डोळ्यांची आग होते. मग ते मुळाशी गेलं तर वेलीचं काय होईल? त्यात ते पाणी बाईच्या चौथ्या दिवसाच्या न्हाण्याचं. ज्या घरातून बाई आली तिथं पानवेल नाही, त्यामुळे तिला वेलीचं सोवळं ठाऊक नाही. भाऊबंदांनी माना डोलावल्या. काकीही त्याच दगडावर, त्याच शेंगांनी न्हायची, हे कुणाला आठवलं नाही. काकीलाही आठवलं नाही.

आई दाराआड उभी होती. ती चौकटीला म्हणाली, 'रेडा होता तवा वेल मेली नाय. आता कशी मेली?' ओट्यावर ते स्पष्ट ऐकू गेलं असणार. कुणी मान वळवली नाही. मग मी पुढे झाले आणि तेच वाक्य शब्दाला शब्द ओट्यावर जाऊन म्हटलं. काकांनी मला थोबाडीत मारली. मी रडले नाही, इतकी चिडले होते.

दुसऱ्या दिवसापासून रहाटाच्या, म्हणजे पुढच्या विहिरीवर बायकांचं न्हाणं बंद. परसात एक जुनी, उथळ विहीर होती, तिचं पाणी पहिल्यापासून खारट. भांडी आणि गोठा एवढ्यासाठीच ते वापरत. आता आईनं तिथं न्हायचं. शिकेकाई घरात ठेवायची नाही. मामानं आणलेलं गाठोडं काकीनं उचललं आणि चुलीत घातलं. त्या शेंगांचा धूर असा काही कोंदला की सगळं घर खोकत अंगणात आलं. काका डोळे पुसत केळीपर्यंत गेले. त्या दिवसात मला बरं वाटलं ते एवढंच.

काकी मात्र अधूनमधून, काका बाजाराला गेले की, पुढच्याच विहिरीवर न्हात असे. ती थोरली होती.

वडिलांनी काय केलं? वडिलांनी साबण आणला. भावापुढे तोंड उघडण्यापेक्षा मुंबईहून साबण आणणं सोपं होतं. गुलाबी कागदात गुंडाळलेली वडी, तिला अत्तरासारखा वास. 'शहरात सगळ्या बायका यानंच केस धुतात, शेंगाबिंगा कोण उकळत बसतं,' ते म्हणाले. आईनं ती वडी हुंगली आणि हसली. तिला खरंच आनंद झाला होता. नवऱ्यानं आपल्यासाठी काहीतरी आणलं, त्याचा.

खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, हे आम्हांला तेव्हा कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या कवड्या होतात, नासलेल्या दुधासारख्या. आईनं त्या लांब केसांना साबण चोळला, वर तेच खारं पाणी ओतलं आणि त्या पांढऱ्या कवड्या केसाकेसाला चिकटून बसल्या. पुन्हा धुतलं, आणखी चिकटल्या. वाळल्यावर केस दोरखंडासारखे झाले. फणीत पांढरा मेणचट गाळ येई आणि त्याच्याबरोबर केस. तिला वाटलं, आपल्यालाच साबण लावता येत नाही. म्हणून ती अजून जोरानं चोळायला लागली. काही महिन्यांत टाळूला खपल्या धरल्या, खाजवलं की रक्त येई, उशीवर डाग पडत. सकाळी केर काढताना आईचे केस झाडूत गुंडाळले जात आणि काकी म्हणे, 'बघा, वेलीचा तळतळाट कसा लागतो ते.'

माणसानं एवढं निर्दय व्हायला काय लागतं, असं मी पुष्कळदा स्वतःला विचारते. काही लागत नाही. घरातल्या कर्त्याचं मत आपल्या बाजूला आहे एवढी खात्री पुरते.

आईनं साबण बंद केला आणि हाताशी येईल ते डोक्याला लावून बघू लागली. शिकेकाई मिळणार नव्हती, तेव्हा दुसरं काही सौम्य शोधणं भाग होतं. हरभऱ्याचं पीठ लावलं तर ते खपल्यांत अडकून बसलं. ताक लावलं, खाज कमी झाली, पण घरात ताक उरत नसे आणि डोक्याला ओतलेलं कळलं असतं तर आणखी एक निवाडा झाला असता. दारच्या जास्वंदीचा पाला तिनं पाण्यात चोळून बघितला. त्याचा बुळबुळीत रस निघाला, तो तांदळाच्या धुवणात कालवून लावला, तेव्हा पहिल्यांदा ती म्हणाली, 'आग नाय होत.' साबणाचा तो जुना गाळ काढायला मात्र बिंबली कामाला आली. परसातल्या झाडाची आंबट फळं ठेचून त्यांचं पाणी केसांवर ओतलं की तो मेणचटपणा सुटे. खपल्या भरलेल्या टाळूवर ते आंबट पाणी इतकं झोंबे की ती माझा हात घट्ट धरून बसे. एवढं करूनही शेवटी डोक्यावर ओतायचं ते खारंच पाणी. त्याहून गोडं, पुढच्या विहिरीचं पाणी दहा पावलांवर होतं आणि ते तिला बंद होतं.

आमच्या कुंपणापलीकडे एका ख्रिस्ती कुटुंबाची वाडी होती. तिथल्या म्हाताऱ्या बाईला आम्ही मावशी म्हणत असू. त्यांची घरातली बोली वेगळी, आमची वेगळी, कुंपणाशी उभं राहून बोलायची भाषा मात्र तिसरीच, दोघींनी मिळून केलेली. मावशीकडे इंजिन नव्हतं. त्यांचा रेडा अजून फिरत होता. एकदा आई पाला तोडत असताना तिचा पदर सरकला आणि मावशीला ते डोकं दिसलं. ती कुंपणाच्या फटीतून इकडेच आली.

'हे काय करून घेतलंस बाय?'

आईनं सांगितलं. सगळं सांगितलं, वेलींचं, फेसाचं, चौथ्या दिवसाचं. मावशी ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता. ती म्हणाली, 'माझ्या घरात बायाच बाया. सगळ्या रहाटावरच न्हातात, पाट सरळ पानमळ्यात जातो. ये, माझ्या वेली बघ तू.'

आई म्हणाली, पानमळ्यात कशी येऊ? मावशीनं तिचा हात धरला आणि ओढतच नेली. मी मागोमाग. आयुष्यात आम्ही दोघी पहिल्यांदाच पानमळ्यात शिरलो. आत हिरवागार अंधार होता. तळहाताएवढी पानं, एकही कड करपलेली नाही. आई एका वेलीला हात लावून उभी राहिली. मग ती रडायला लागली. तोवर, हे मला नंतर तिनंच सांगितलं, तिला मनातून वाटत होतं की काका म्हणतात ते खरं असेल. आपल्याच डोक्याचं पाणी वाईट असेल. मला आजही सगळ्यांत जास्त चीड येते ती याची. तिला बोल लावला याची येतेच, पण तो तिला पटवला, याची जास्त.

त्या दिवशी मावशीनं तिला रहाटाखाली बसवलं आणि स्वतःकडच्या शेंगांच्या पाण्यानं तिचं डोकं धुतलं. नखं न लावता, नुसत्या बोटांच्या पेरांनी. पुढे आई गुपचूप तिथंच न्हाऊ लागली. टाळू हळूहळू भरून आली.

गुपचूप किती दिवस राहणार? काकीनं बघितलं. मग नवीन ओरड. ख्रिस्तावाच्या विहिरीवर न्हाली, बाटली, घर बाटवलं. काकांनी तिच्यावर गोमूत्र शिंपडायला लावलं आणि काही दिवस तिचं पान वेगळं मांडलं. आता गंमत ऐका. तोवर पुढच्या विहिरीचं पाणी इतकं खारट झालं होतं की चहा तोंडात धरवत नव्हता. तेव्हा काकी संध्याकाळी कळशी घेऊन कुठे जात असे? कुंपणापलीकडे. मावशीच्याच विहिरीवर. त्या पाण्याचा चहा काका ओट्यावर बसून फुरके मारत पीत, आणि त्यांच्या पोटाला काही बाट लागत नसे. मी हे त्यांना विचारणार होते, पण आईनं मला शपथ घातली.

आईचं तिथलं न्हाणं थांबलं होतं, फेस थांबला होता, तरी पानमळा मरतच राहिला. उलट इंजिनाचं पाणी जिथं सगळ्यांत आधी पोचे तिथल्या वेली सगळ्यांत आधी गेल्या. शेवटी पाटाच्या कडेला खार फुटला, मिठागरासारखा पांढरा. काकांनी तो बोटावर घेऊन जिभेला लावला. मी ते केळीआडून पाहिलं. इंजिन विहीर उपसत होतं आणि रिकाम्या झालेल्या झऱ्यांत समुद्र शिरत होता. ज्या गोष्टीवर ते हसले होते ती त्यांच्या जिभेवर होती.

पुढे त्यांनी इंजिन विकलं, रेडा आणला, रहाटाला नवे लोटे बांधले. मेलेल्या वेली उपटून तिथं केळी लावल्या. भाऊबंदांना सांगितलं, देवाची मर्जी. आईला? आईला काही सांगितलं नाही. काकी एके दिवशी पुढच्या विहिरीवर न्हायला जाताना नुसतं म्हणाली, 'तूही न्हात जा आता इथं, केळीला काय होत नाय.' जणू परवानगी द्यायची बाकी राहिली होती.

दोनचार पावसाळ्यांत विहिरीचं पाणी परत गोडं झालं. आईचे केस परत आले नाहीत. जिथं खपल्या होत्या तिथं टाळू तशीच गुळगुळीत राहिली आणि उरलेल्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा होई. वडील सुटीच्या दिवशी ओट्यावर बसत, पण आता खरोखरच वर्तमानपत्र वाचत.

मी शिकले, शिक्षिकेचा कोर्स करायला लागले. त्याच सुमाराला काकांच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात नवी सून आली. कोवळी पोर, पाठभर दाट केस. पहिल्यांदा न्हायची वेळ आली तेव्हा काकीनं तिला स्वयंपाकघरात बोलावलं. आई तिथंच विळीवर भाजी चिरत होती, मी तांदूळ निवडत होते. आम्ही सगळ्या पुन्हा पुढच्याच विहिरीवर न्हात होतो, तरी काकी म्हणाली, 'हे बघ, पुढच्या विहिरीवर न्हायचं नाय. न्हाण्याचं पाणी वाडीत जातं. आपल्याकडे एकदा बाईच्या डोक्याच्या पाण्यानं अख्खा पानमळा मेला.'

पोरीनं घाबरून मान हलवली. मी सुपडं खाली ठेवलं. इंजिन गेलं, खार गेला, वेली गेल्या, आईचे केस गेले, आणि एवढं सगळं होऊन घरात शिल्लक काय राहिलं, तर हे वाक्य. ते आता या पोरीला दिलं जात होतं, ती उद्या तिच्या सुनेला देणार होती. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली.

तिनं नव्या सुनेचं मनगट धरलं आणि तिला सरळ बाहेर, ओट्यावर घेऊन गेली. काका तिथं पान लावत बसले होते. पानं मावशीकडून आणलेली असत हल्ली. आई त्यांच्यापुढे उभी राहिली, भिंतीच्या कडेला नव्हे, अगदी समोर. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता.

'भावजी,' ती म्हणाली.

या घरात आल्यापासून ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. काकांच्या हातातलं पान तसंच राहिलं. काकी दारापर्यंत धावत आली आणि तिथंच थांबली.

'भावजी, पानमळा कशानं मेला?'

काका इकडेतिकडे बघू लागले. 'कशाला आता ते जुनं,' ते पुटपुटले.

'ही नवी हाय. तिला ठावं नाय. सांगा तिला.'

काकांनी चौकटीकडे बघितलं. तिथं काकी उभी होती. माझे वडील ओट्याच्या टोकाला बसले होते, त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. आई हलली नाही. तिचा पदर मागे सरकला होता, त्याच्याखालची ती गुळगुळीत जागा दिसत होती, आणि तिनं ती झाकली नाही.

'खारानं,' काका म्हणाले.

'मोठ्यानं सांगा,' आई म्हणाली.

काकांनी घसा साफ केला. 'खारानं मेला. इंजिनाच्या पाण्यानं.' मग जरा थांबून, खाली बघत ते म्हणाले, 'बाईच्या पाण्यानं नाय.'

मला ते पुरलं नाही, खरं सांगते. त्यांनी हात जोडायला हवे होते. भाऊबंदांना पुन्हा ओट्यावर जमवून त्यांच्यासमोर हे म्हणायला हवं होतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. मी आईकडे बघितलं. मग ती वळली आणि त्या पोरीला म्हणाली, 'शेंगा उकळून ठेवल्यात. चल, रहाटावर जाऊ.'